एक बोटभर तोंड

ज्यांचा जबडा अडकला आहे आणि जे सध्या पेज पिऊन दिवस काढत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल. मी चौथीपर्यंत शिकले. डॉक्टरी मला कळत नाही आणि कळते असा आवही आणणार नाही. माझं तोंड कसं बंद झालं, त्यावर कोणी काय काय केलं आणि ते परत कसं उघडलं, एवढंच सांगते. आम्ही घरात अहिराणी बोलतो. लिहायला शाळेतली भाषा बरी पडते. माणसं मात्र जशी बोलली तशीच ठेवली आहेत.

अर्धी शिवी

आमचं गाव चोपडा तालुक्यात, नाल्याच्या काठावर आहे. नाल्यापलीकडे दुसरं गाव. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन्ही गावांच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. सासरी गेलेल्या लेकी त्यासाठी माहेरी येतात. पुरुषांनी मध्ये पडायचं नाही. दुसऱ्या दिवशी कोणी राग धरायचा नाही. ज्या गावाच्या बायका आधी गप्प होतील ते गाव हरलं.

आमच्या काठाला बरीच वर्षं मी पुढे उभी असे. पलीकडे यशोदा. ती माझ्याच वयाची, तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. माझ्या शिव्या मात्र जास्त लांब असत.

नव्वदनंतरची गोष्ट आहे. आमच्या गावात टेलिफोनचं बूथ नुकतंच आलं होतं. त्या अखाजीला यशोदेने सुरुवातीलाच सांगितलं, "तुनं तोंड बंद पडो वं, गावले सुख मिळो!" ही तिची दरवर्षीची शिवी. आमच्याकडच्या बायका हसल्या. मी पदर खोचला आणि म्हटलं, "यशोदे वं, तुन्या घर पाव्हना बठोत जेवाले, अन्—"

पुढे तोंड उघडेना.

माझ्या उजव्या कानापुढे जबडा बरीच वर्षं वाजत होता. जांभई दिली की कट, भाकरी चावली की कट. दुखत नव्हतं म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी तो एकदा जोरात वाजला आणि मग वाजायचाच थांबला. तोंड एक बोट जाईल एवढं उघडत होतं. त्याच्या पुढे काहीतरी आडवं आल्यासारखं वाटायचं, आणि जोर केला की कानात कळ जायची. पलीकडच्या बायकांना वाटलं मला सुचत नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचं गाव हरलं.

ज्यांचा जबडा वाजतो त्यांना सांगते. तो वाजायचा एकाएकी थांबला तर बरं झालं असं समजू नका. मी घरी येताना तसंच समजले होते. निदान कटकट तरी गेली, असं मनात म्हटलं.

गाव काय म्हणालं

गाव म्हणालं, यशोदेची शिवी लागली.

माझा त्यावर विश्वास नव्हता. शिव्या लागत असत्या तर दोन्ही गावं कधीच ओस पडली असती. पण लोकांना असं काही हवंच असतं. आमच्या गावात ते चार दिवस चाललं आणि विरलं. तिच्या गावात वाढलं. तिची जीभ काळी आहे, असं तिथे बोलायला लागले. बायका तिच्यासमोर तान्ही पोरं आणेनात. बारशाला तिला बोलावणं जाईना.

एक दिवस दुपारी यशोदा नाला ओलांडून आमच्या दारात आली. ओट्यावर चढली नाही. खालीच उभी राहिली.

"मनं बोलनं मी मांगे लेस," ती म्हणाली. "तू बरी व्हय. माले लोके जगू देतस नही."

मी दातातल्या दातात बोलू शकत होते, पण बोललं की दुखायचं. म्हणून थोडक्यात सांगितलं, "येडी शे तू. घर जाय."

ती गेली. तिला वाटलं मी रागावले आहे. नीट समजावून सांगायचं तर दहा वाक्यं लागली असती, आणि तेवढी माझ्याकडे नव्हती.

दात वाचला

घरात मी, माझा मुलगा भास्कर आणि सून लता. मुलगी सुमन धुळ्याला दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली.

लता मला आंबील, मुगाचं पाणी आणि कुस्करलेलं केळं द्यायची. आमच्या घरची केळीची बाग. केळ्याचा मला इतका वीट आला की बागेकडे तोंड करून बसणं मी सोडलं. घरात मात्र शांतता होती. लताला ती बरी वाटत असेल. तिच्या जागी मी असते तर मलाही वाटली असती.

आधी कोणीतरी सांगितलं की दाढ किडली असेल. भास्करने मला तालुक्याला दात काढणाऱ्याकडे नेलं. तो दाढ काढायला तयारच होता, पण त्याचा चिमटा तोंडात जाईना. अशी माझी चांगली दाढ वाचली. ज्यांना कानापुढे दुखतं त्यांनी आधी खात्री करावी. दात एकदा गेला की गेला.

मग आम्ही जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फटीतून बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं.

"आजी, तंबाखू खाता?"

"मिसरी लावस," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून लावत होते.

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. मग भास्करकडे बघून म्हणाले, "धुळ्याला जबड्याचे डॉक्टर आहेत. त्यांना दाखवून घ्या. उशीर करू नका."

"उशीर करू नका" हे शब्द वाईट होते. एसटीत भास्कर खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं, माझ्याही मनात तेच आलं होतं. त्या आजाराचं नाव आमच्याकडे कोणी घेत नाही. मीही इथे घेत नाही.

मुलगा ऐकायला लागला

उशीर करू नका असं सांगितलं आणि आम्ही उशीर केला. भास्कर म्हणाला, पेरणी होऊ दे. मग म्हणाला, निंदणी होऊ दे. खरं कारण वेगळं होतं. धुळ्याला गेलो की डॉक्टर ते नाव घेतील, आणि गेलो नाही तोवर ते कोणी घेतलेलं नाही. मीही जोर केला नाही. मलाही ऐकायचं नव्हतं.

या काळात भास्कर माझं सगळं ऐकायला लागला. एरवी आम्ही रोज भांडायचो. बैलाला काय घालायचं, पाणी कधी सोडायचं, कशावरूनही. आता मी हाताने काही खुणावलं की तो म्हणायचा, "हा माय, तू सांगशी तसं." त्याला वाटतं मी मरणार आहे, हे मला त्यावरून कळलं. मला त्याचा राग आला. पण एक बोटभर तोंडातून रागही नीट निघत नाही.

सुमन धुळ्याहून आली आणि लताला बोलली. "मनी मायनं काय करी टाकं तुम्ही? हाडं दिसतस."

लता म्हणाली, "तुम्ही चमचा धरा मंग. चार दिन ऱ्हा आनि धरा."

सुमन चार दिवस राहिली. तिने चमचा धरला. पाचव्या दिवशी लताशी नीट बोलायला लागली आणि धुळ्याला गेली. आजारी माणसाला पातळ काही भरवायचं काम फार कंटाळवाणं असतं. जो करतो त्याला बाहेरच्यांनी बोलू नये.

मिसरी याच दिवसांत सुटली. निश्चय वगैरे केला नव्हता. दाढेपर्यंत बोट फिरत नव्हतं, म्हणून सुटली.

नणंद आली

शेजारच्या म्हातारीने सांगितलं, जबड्याला आराम पाहिजे, तो हलायलाच नको. तिने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून कानापुढे ठेवली आणि एक पांढरं फडकं हनुवटीखालून घेऊन डोक्यावर घट्ट बांधलं. शेक लागून बरं वाटायचं, म्हणून मी रोज बांधून घ्यायला लागले. दिवसभर बांधलेलंच असायचं. त्याने जबडा आणखी आखडत गेला. हे मला नंतर समजलं.

पोळा झाल्यावर एके दिवशी माझी नणंद नर्मदाअक्का मला बघायला आली. मी ओसरीत खाटेवर पडले होते. पाय सरळ, डोळे मिटलेले, हनुवटी पांढऱ्या फडक्याने बांधलेली. आमच्याकडे असं कोणाला बांधतात ते सांगायला नको. जीव गेल्यावर तोंड उघडं राहू नये म्हणून बांधतात.

नर्मदाअक्काने उंबऱ्यातच बोचकं टाकलं. "मनी वहिनी गयी वं माय!"

तिचा आवाजही कमी नाही. गल्लीतल्या बायका धावल्या. लता मागे गोठ्यात होती. कोणीतरी भास्करला आणायला शेतात गेलं. एकीने आंघोळीचं पाणी तापवा असंही सांगितलं. हे सगळं मी ऐकत होते. मी मेले नाही हे सांगायला तोंड उघडायला हवं होतं, आणि ते आता फडक्याने पुरतंच बंद होतं. गाठ डोक्यावर घट्ट बसली होती. ती मला सुटेना.

शेवटी मी खाटेवर उठून बसले.

नर्मदाअक्का मागे सरली ती चौकटीवर आदळली. दोन बायका अंगणात पळाल्या. लता धावत आली आणि म्हणाली, "आत्याबाई, त्या जित्या शेत! शेक लायेल शे!"

नर्मदाअक्का खाली बसली. दम लागला होता तिला. कपाळ चोळत म्हणाली, "जिती शे ते सांगाले काय व्हयनं हिले?"

तेवढ्यात भास्कर शेतातून पळत आला. पायात चप्पल नव्हती. त्याने मला बसलेलं पाहिलं आणि अंगणातच उभा राहिला. त्याचं तोंड मी पाहिलं. तसं तोंड मला परत बघायचं नव्हतं.

मी फडकं ओढून काढलं. केसही उपटले गेले त्यात. दातांतून म्हटलं, "धुळाले चाल. सकायनी गाडी."

धुळे

धुळ्याला सुमनकडे उतरलो. दवाखाना लहान होता. डॉक्टर तरुण होते आणि त्यांचे हात स्वच्छ होते. त्यांनी घाई केली नाही. फटीतून लहान आरसा आत घातला, गालाच्या आतून बोट फिरवलं, कानापुढे दाबून पाहिलं. क्ष-किरणाचा फोटो काढवला. मग समोर बसले.

"आजी, तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ते नाहीये. मिसरीने हिरड्या खराब झाल्यात, पण तो आजार नाही."

भास्कर उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही.

डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. जबड्याचं हाड कानापुढे खोबणीत बसतं. मध्ये एक पातळ गादी असते. माझी गादी पुढे सरकून चिकटून बसली होती, म्हणून हाड पुढे येत नव्हतं आणि तोंड उघडत नव्हतं.

"कापशात का?" मी विचारलं.

"नाही. दोन सुया घालायच्या. एकीतून सलाइनचं पाणी आत सोडायचं, दुसरीतून बाहेर काढायचं. सांधा आतून धुऊन निघतो, चिकटलेलं सुटतं. तेवढ्या जागेपुरती भूल. तुम्ही जाग्याच असाल."

"गुन ई का?"

"बहुतेक येईल. खूप महिने गेलेत, त्यामुळे नक्की सांगत नाही. नाही आला तर कानापुढे चीर देऊन बघावं लागेल. तिथून चेहऱ्याची नस जाते, म्हणून ते आधी नको."

बहुतेक म्हणाले म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. तोवर मला सगळ्यांनी सगळं 'नक्की' म्हणूनच सांगितलं होतं.

दवाखान्यातून निघाल्यावर भास्कर म्हणाला, रिक्षाने जाऊ. मी खूण केली, चालत. तो म्हणाला, "तुले काही समजस का? भर उनमा कसाले चालनं?" आम्ही रस्त्यात भांडलो, तो तोंडाने, मी हातांनी. त्या महिन्यांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

सुया

फार लिहिण्यासारखं नाही. खुर्ची मागे केली, कानाभोवतीचे केस बांधले, तोंडावर हिरवं कापड टाकलं, कानापुढे भोक तेवढं उघडं. भुलीचं इंजेक्शन दुखलं. नंतरच्या सुया गेल्या ते कळलं, दुखलं नाही. आत दाब आला. कान भरून आल्यासारखा. मग मानेवरून पाणी वाहिलं, ते कोणीतरी टिपत होतं. डॉक्टर मधूनच म्हणायचे, "आजी, जबडा डावीकडे. आता उजवीकडे. आता उघडा." मला भीती वाटत होती, पण भीतीने करण्यासारखं काही नव्हतं. यशोदेला द्यायची राहिलेली ती अर्धी शिवी मी मनात पुरी करत होते.

शेवटी डॉक्टरांनी सुया काढल्या, दोन्ही अंगठे माझ्या खालच्या दातांवर ठेवले आणि खाली दाबलं. चिखलात रुतलेला पाय निघावा तसा आवाज कानात आला.

"किती बोटं जातात बघा," ते म्हणाले.

मी घातली. दोन गेली.

बाहेर आले तर सुमन मला बघून रडायला लागली. माझा उजवा डोळा मिटत नव्हता, भुवई खाली आली होती, ओठ वाकडा. तिला वाटलं लकवा मारला. भुलीमुळे असं होतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं, हे डॉक्टरांनी भास्करला आधीच सांगितलं होतं. भास्कर ते सांगायला विसरला. नर्सने डोळ्यावर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली. संध्याकाळी डोळा मिटला. तुमच्यापैकी कोणाचं असं झालं तर घाबरू नका. पण घरच्यांना आधी सांगून ठेवा, आणि विसरणाऱ्याला सांगू नका.

काड्या

सुयांनी अर्धं काम होतं. उरलेलं आपल्याला करावं लागतं, आणि ते जास्त दुखतं.

डॉक्टरांनी लाकडी चपट्या काड्या दिल्या. पुढच्या दातांमध्ये त्यांची चळत धरायची, ताण सोसायचा, मग मधोमध आणखी एक सारायची. रोज, बरेचदा. नाहीतर सांधा परत आखडतो. मी दळण निवडायला बसले की चळत तोंडात धरायची. लता समोर बसायची आणि नवीन काडी सारायची. सासूच्या तोंडात काडी घालायची संधी किती सुनांना मिळते? तिने ती सोडली नाही.

"आत्या, आखो एक बसई."

मी मान हलवून नाही म्हणायचे. ती सारायची. डोळ्यांतून पाणी यायचं. ती दुसरीकडे बघायची आणि काडी तिथेच ठेवायची. दया दाखवली असती तर माझं तोंड आज दोन बोटांवरच असतं.

थंडीत शेतात भरिताची वांगी भाजली, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर. लताने कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा मोडून माझ्यासमोर ठेवला, कुस्करला नाही. मी तो डाव्या दाढेने चावला. फार वेळ लागला. सगळे जेवून उठले तरी मी चावत होते. मी वर बघितलं नाही.

पुढची अखाजी

अखाजीला नाल्यावर गेले. तोंड तीन बोटांपेक्षा थोडं कमी उघडत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जांभई देताना हनुवटीखाली हात धरा, फार मोठं तोंड उघडू नका. शिव्यांबद्दल मी त्यांना विचारलं नव्हतं.

पलीकडे बायका जमल्या होत्या. यशोदा पुढे नव्हती. शोधली तर मागे बाभळीखाली उभी दिसली, पदर तोंडात धरून. एक पोरगी कडेवर मूल घेऊन तिच्या बाजूला होती, ती सरकून लांब गेली. मी ते पाहिलं.

दोन्हीकडच्या पोरींनी सुरुवात केली. यशोदा काही बोलेना. इतकी मोठी बाई, इतका मोठा आवाज, आणि शिवी द्यायला घाबरत होती.

मी हनुवटीखाली हात धरला आणि हाक मारली. "यशोदे वं! मव्हरे ये."

पोरी गप्प झाल्या. यशोदा पुढे आली, पण काठापासून थोडी लांबच थांबली. दोन्ही गावं बघत होती.

मी म्हटलं, "तुन्या घर पाव्हना बठोत जेवाले, अन्—"

इथे मी थांबले. मुद्दाम नाही. सवयीने थांबले. जबडा अडतो का ते बघत होते. तो अडला नाही.

"—अन् तुनी भाजीमा मीठ धुंडता धुंडता त्यासनी उमर जावो!"

कोणी हसलं नाही. सगळ्या यशोदेकडे बघत होत्या. तिने तोंडातला पदर काढला, तो कमरेला खोचला आणि पाण्याच्या काठापर्यंत आली.

"इतलंसं सांगाले वरीस लागनं का वं तुले?"

तिच्या गावच्या बायका हसल्या. ती मूलवाली पोरगीसुद्धा हसली. पाठोपाठ यशोदेने मला जी शिवी दिली ती माझ्या सगळ्या पिढ्यांना पुरली असती.

कानापुढे थोडं दुखत होतं. मी हनुवटीखालचा हात काढला आणि दुसरी सुरू केली.